परंपरेनुसार, इथेच

बाटली मारियामातेच्या आकाराची होती. वीतभर उंच, दुधी प्लास्टिकची. डोक्यावरचा निळा मुकुट फिरवला की झाकण उघडायचं. वेलंकनीच्या कुठल्याशा जुन्या यात्रेतून आलेली. आमच्या शेजारणीची आई, वसईच्या आजी, ती माझ्या हातात देत म्हणाल्या, "बाय, तिकडे चाललीच आहेस तर यार्देनचं पाणी आण. दुकानात भरलेल्या बाटल्या मिळतात म्हणे. त्या नकोत. तुझ्या हातानं भर."

मी चालले होते कामाला. माझा धंदा पाण्याचाच, पण वेगळ्या अर्थाने: ठिबक, पंप, फिल्टर, क्षार. तेल अवीवमध्ये पाच दिवस बैठका होत्या. आजींना सांगून पाहिलं, की मी समुद्रकाठच्या शहरात असणार आणि ख्रिस्ताचा बाप्तिस्मा झाला ती यार्देन, म्हणजे जॉर्डन नदी, देशाच्या दुसऱ्या कडेला. "देश केवढा तो," त्या म्हणाल्या. हे खरंच होतं. शिवाय त्या देशाचा भूगोल माझ्यापेक्षा त्यांना पक्का ठाऊक होता. जन्मभर चर्चमधल्या उपासनेत, मिस्सेला, कानावर पडलेली कफर्णहूम, बेथसैदा, काना ही गावं त्यांच्या बोलण्यात नालासोपारा-विरारसारखी यायची. मी नकाशा काढून ठेवला आणि बाटली बॅगेत टाकली.

२०१९ चा नोव्हेंबर होता. शुक्रवारी दुपारपासून शहराने एकेक शटर खाली ओढायला सुरुवात केली. शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. बस बंद, आगगाडी बंद, दुकानं बंद. हॉटेलातली एक लिफ्ट कुणी बटण न दाबता आपली आपण प्रत्येक मजल्यावर थांबत होती, कारण त्या दिवशी बटण दाबणं हेही कामात मोजलं जातं. नवव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत माझ्या लक्षात आलं, की उद्याच्या शनिवारी या शहरात मला करण्यासारखं काही नाही. स्वागतकक्षात दोन पत्रकं ठेवली होती. एक जेरुसलेम आणि बेथलेहेमच्या सहलीचं, दुसरं नासरेथ, गालील आणि यार्देनचं. बेथलेहेम पॅलेस्टिनी हद्दीत. इस्रायली नागरिकांना तिथे जायला मनाई, त्यामुळे तपासणी नाक्यावर गाईड बदलतो, असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं. ती सहल जास्त नाट्यमय झाली असती. पण बाटलीने निर्णय आधीच घेतला होता.

सकाळी सातला निघालो. बसमध्ये वीसेक माणसं. ब्राझीलचा एक मोठा गट, काही सुटे युरोपीय, आणि माझ्या शेजारी केरळातल्या कोट्टयमची एक बाई. ड्रायव्हर नासरेथचा अरब. गाईड साठीचा ज्यू गृहस्थ, निवृत्त मास्तर वाटावा असा. म्हणजे ख्रिस्ताची कथा एक ज्यू माणूस एका अरबाच्या गाडीत बसून मला सांगणार होता. प्रत्येक गोष्ट तो आधी इंग्रजीत आणि मग स्पॅनिशमध्ये सांगायचा. त्यामुळे त्या दिवशी सगळे चमत्कार दोनदा घडले.

वाटेत मगिद्दोची टेकडी लागली. जगाच्या शेवटची लढाई होणार ते हर्मगिदोन हेच, असं त्याने माइकवर सांगितलं आणि त्याच दमात पुढच्या पेट्रोल पंपावर टॉयलेट असल्याचंही. मला माणूस आवडला. त्याची एक लकब पहिल्या तासातच लक्षात आली. कुठलंही पवित्र ठिकाण सांगताना तो वाक्याच्या सुरुवातीला एक शब्द जोडायचा: परंपरेनुसार. परंपरेनुसार इथे देवदूत आला. परंपरेनुसार इथे लग्न झालं. स्पॅनिशमध्ये त्याला 'सेगून ला त्रादिसियोन' म्हणतात, हे जेवणाच्या वेळेपर्यंत मला पाठ झालं. तो खोटं बोलत नव्हता आणि कुणाचं मनही मोडत नव्हता. धंद्यात असा एक शब्द मिळाला तर माणूस सुखी होतो. आम्ही कोटेशनमध्ये 'अंदाजे' लिहितो, तसं.

नासरेथ उघडं होतं. तेल अवीव झोपलेलं आणि इथे रस्त्यात गाड्यांची कोंडी, खारकांचे ढीग, शाळकरी पोरं. इस्रायलमधलं हे सर्वांत मोठं अरब शहर. पहिल्या शतकात हे काहीशे वस्तीचं खेडं होतं, इतकं नगण्य की नासरेथातून काही चांगलं निघू शकतं का, असा टोमणा खुद्द बायबलातल्या शुभवर्तमानातच आहे. आता मधोमध घोषणेची बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, उभी आहे. ज्योवान्नी मुझिओ या इटालियन वास्तुकाराची, १९६९ मध्ये अर्पण झालेली. काँक्रीटची भव्य इमारत, मला बाहेरून धरणाच्या भिंतीची आठवण झाली. आत मात्र ती इमारत आपण होऊन मागे सरते. खालच्या मजल्यावर जमिनीत एक लहानशी गुहा, भोवती आधीच्या बायझंटाईन आणि क्रुसेडर चर्चचे अवशेष. त्या काळी इथली घरं अशीच, मागची अर्धी खोली डोंगरातली गुहा असायची. तिथे मरियेला, ख्रिस्ताच्या आईला, देवदूताने सांगितलं, की तुला मूल होणार.

गुहेतल्या वेदीवर लॅटिनमध्ये एक ओळ कोरली आहे. गाईडने ती वाचून दाखवली: शब्द इथे देह झाला. बायबलात हे वाक्य आहे, पण त्यात 'इथे' नाही. तो शब्द या वेदीसाठी मध्ये घातलेला आहे. हे सांगताना त्याने नेहमीचा 'परंपरेनुसार' लावला नाही, फक्त त्या छोट्या लॅटिन शब्दाकडे बोट दाखवलं: 'हिक'. इथे. मराठीत आपण त्याला 'इथेच' म्हणू, च वर जोर देऊन.

मग बाहेर आल्यावर तो म्हणाला, की थोडं पुढे ग्रीक ऑर्थोडॉक्सांचं संत गाब्रिएलचं चर्च आहे, झऱ्यावर बांधलेलं. त्यांच्या मते देवदूत तिथे आला, मरिया पाणी भरायला गेली होती तेव्हा. "मग खरं काय?" एका जर्मन बाईने विचारलं. गाईडकडे तोडगा तयार होता. बायबलाबाहेरच्या एका जुन्या ग्रंथात म्हटलंय, की झऱ्यावर तिला आधी नुसता आवाज ऐकू आला, ती घाबरून घागर घेऊन घरी परतली, आणि देवदूत समोर आला तो घरात. म्हणजे दोघंही बरोबर. सगळे हसले. मला मात्र ती घागर घेऊन घाबरून घराकडे चाललेली मुलगी दिसली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच वाटलं की हे कुणाच्या तरी बाबतीत घडलं असेल.

जागेवरून असे तंटे आपल्याला नवे नाहीत. हनुमान अंजनेरीचा, किष्किंधेचा की तिरुमलाचा, यावर २०२२ मध्ये नाशिकला सभा भरली आणि प्रकरण हातघाईवर आलं. तिथे देवदूताला दोनदा पाठवायची सोय कुणाला सुचली नाही.

बॅसिलिकेच्या वरच्या मजल्यावर देशोदेशींनी पाठवलेल्या मरिया आहेत. जपानची मरिया किमोनोत, आणि तिच्या बाहीवर खरे मोती. कोट्टयमची ती त्यांच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. एव्हाना आमची ओळख झाली होती. ती गेली सात वर्षं इथे एका नव्वदीच्या आजीबाईंना सांभाळायला आहे. आठवड्यातली तिची सुट्टी म्हणजे शनिवार, तोही प्रत्येक नाही. ही सहल तिने आधी दोनदा केली होती. "मग परत का?" मी विचारलं. "मागच्या वेळी भावाचं ऑपरेशन होतं," ती हिंदीत म्हणाली, "या वेळी मुलीची परीक्षा." ती प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट करायची. मोबाईलवर मल्याळम बायबल उघडून त्या जागेचा उतारा ओठ हलवत वाचायचा, डोळे मिटायचे आणि बसमध्ये येऊन बसायचं. ख्रिस्ताला ती 'ईशो' म्हणायची. केरळच्या जुन्या ख्रिस्ती लोकांची उपासना सुरियानी भाषेत चालत आली, आणि सुरियानी ही ख्रिस्ताच्या बोलीची, आराम्येकची, सख्ख्या नात्यातली भाषा. त्या बसमध्ये त्याला त्याच्या घरच्यांच्या सर्वांत जवळच्या नावाने हाक मारणारी बहुधा तीच एकटी होती.

काना बसमधूनच पाहिलं. लग्नात पाण्याची वाइन झाली ते गाव. लाल छपरं, वाइनची दुकानं. मग उतार सुरू झाला. रस्त्याच्या कडेला 'समुद्रसपाटी' अशी पाटी गेली आणि त्यानंतरही आम्ही उतरतच राहिलो. गालीलचा समुद्र समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली आहे. जगातलं सर्वांत खोलगट जागी असलेलं गोड्या पाण्याचं सरोवर. समुद्र म्हणून कानावर आलेलं हे तळं २१ किलोमीटर लांब आणि रुंदीला जास्तीत जास्त १३. पलीकडचा काठ स्पष्ट दिसतो. त्या बाजूच्या उंचावरून वारा अचानक कोसळतो आणि पाणी खवळतं, हे मात्र अजून तसंच आहे.

मग्दाला गावाची पाटी आली तेव्हा गाईडने खिडकीबाहेर हात केला. २००९ मध्ये तिथे यात्रेकरूंसाठी निवास बांधायला पाया खणत असताना पहिल्या शतकातलं सभास्थान, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, सापडलं. ख्रिस्ताच्या हयातीत वापरात असलेलं. तो गालीलभर सभास्थानांतून शिकवत हिंडला असं शुभवर्तमानात आहे, आणि हे गाव त्याच्या रोजच्या वाटेवरचं. इथे 'परंपरेनुसार' म्हणायची फारशी गरजच नाही. "आपण थांबणार का?" मी विचारलं. "कार्यक्रमात नाही," तो म्हणाला. बस पुढे गेली. ज्या जागेच्या वयाबद्दल शंका नाही तिथे बस थांबत नाही, याची मी मनात नोंद केली आणि थोडी चिडलेही.

ताबघा म्हणजे ग्रीक 'हेप्तापेगोन'चा अरबी जिभेवर झिजून झालेला तुकडा. सात झरे. पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजार माणसं जेवली ती जागा, परंपरेनुसार. लूकच्या शुभवर्तमानात हाच प्रसंग बेथसैदाजवळ आहे, म्हणजे दुसऱ्या बाजूला, पण ते असो. आताचं चर्च १९८२ चं, पाचव्या शतकातल्या चर्चच्या आराखड्यावर बांधलेलं. जमिनीवरचं जुनं मोझेक शाबूत आहे. त्यात कमळं, बगळे, बदकं, आणि वेदीसमोर दोन मासे व मध्ये भाकरींची टोपली. टोपलीत भाकरी मोजल्या तर चारच भरतात. "पाचवी वेदीवर," गाईड म्हणाला, "रोजच्या मिस्सेतली." कारागिराला पाच दाखवायला जागा पुरली नसेल असं माझ्यातल्या इंजिनिअरला वाटलं. पण उत्तर इतकं छान होतं की मी गप्प बसले. वेदीखाली एक ओबडधोबड दगड आहे. त्यावर ख्रिस्ताने भाकरी ठेवल्या म्हणे.

२०१५ च्या जूनमध्ये या चर्चला आग लावली गेली होती. भिंतीवर हिब्रूत रंगवलेला मजकूर सापडला. गाईडने हे सांगताना आवाज खाली आणला. "आमच्यातल्याच काहींनी," तो म्हणाला, आणि स्पॅनिशमध्ये ते वाक्य सांगायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

त्या दगडाबद्दल मला एक गोष्ट आधीपासून ठाऊक होती, आणि तिच्यामुळेच मी तो नीट पाहिला. चौथ्या शतकाच्या अखेरीस इजेरिया नावाची एक बाई युरोपच्या पश्चिम टोकाकडून निघून या सगळ्या भूमीत हिंडली, आणि मागे राहिलेल्या आपल्या भगिनींना तिने प्रवासाची लांबलचक हकिकत लिहून पाठवली. त्या हकिकतीचं हस्तलिखित १८८४ मध्ये इटलीतल्या आरेझ्झोला सापडलं, तेही अर्धवट. गालीलचं तिचं वर्णन त्यात नाही. ते बाराव्या शतकातल्या एका मठवाश्याने आपल्या संकलनात उतरवून घेतलं होतं म्हणून वाचलं. त्यात हे सात झरे आहेत, हिरवंगार कुरण आहे, आणि हा दगडही आहे. लोक बरं वाटावं म्हणून त्याचे कपचे काढून नेतात, असं तिथे लिहिलंय. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीही कुणा आजीने कुणा बाईला सांगितलं असणार, की येताना एवढंसं घेऊन ये. इजेरियाची रीत अशी, की प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर बायबलातला त्याच जागेचा उतारा तिथे वाचायचा, प्रार्थना करायची आणि पुढे निघायचं. मी मागे वळून पाहिलं. कोट्टयमची ती खांबाला टेकून मोबाईलवर तेच करत होती.

इथे मला आणखी काहीतरी दिसत होतं, जे बसमधल्या कुणालाच बघायचं नव्हतं. ताबघाच्या जवळच, याच काठावर, इस्रायलच्या राष्ट्रीय जलवाहिनीचं पंपिंग स्टेशन आहे. १९६४ पासून हे सरोवर तिथून उपसून थेट दक्षिणेच्या वाळवंटापर्यंत नेलं. आता समुद्राचं पाणी गोडं करणारे कारखाने उभे राहिल्यामुळे उपसा बराच घटलाय. आणि ते सात झरे? सरोवराच्या या बाजूचे बरेच झरे खारट आहेत. त्यांनी तळ्याचा क्षार वाढतो म्हणून साठच्या दशकात त्यांचं पाणी वेगळ्या कालव्यात घातलं आणि सरोवराला वळसा देऊन खाली यार्देनमध्ये सोडलं. ताबघाचं पाणीही त्यातच. अभियांत्रिकी म्हणून उत्तम काम. मी हे कोट्टयमच्या तिला सांगितलं. तिने विचार करून विचारलं, "मग ते शेवटी यार्देनमध्येच जातं ना?" मी हो म्हटलं. "मग ठीक आहे," ती म्हणाली.

कफर्णहूमला दारावर गुडघे झाकण्याची सूचना आहे. ब्राझीलच्या दोघा तरुणांनी कमरेला ओढण्या गुंडाळल्या. ही जागा फ्रान्सिस्कन साधूंनी १८९४ मध्ये विकत घेतली. आत काळ्या बेसॉल्टच्या बुटक्या भिंतींचं अख्खं गाव उघडं पडलंय. हा दगड मला ओळखीचा, सह्याद्रीतला. काळ्या दगडातली गरिबांची घरं, एका अंगणाभोवती तीन-चार कुटुंबं, चूल सामाईक. आणि मध्येच पांढऱ्या चुनखडीचं एक देखणं सभास्थान, चौथ्या-पाचव्या शतकातलं. त्याच्या भिंतीच्या तळाशी गाईडने आम्हाला वाकायला लावलं. वर पांढरा दगड, खाली काळा. खालचा पाया आधीच्या बांधकामाचा. तो ख्रिस्ताच्या वेळच्या सभास्थानाचा असावा असं अनेक अभ्यासक मानतात. दोन दगडांमधली ती रेघ बोटाने चाचपता येते.

ख्रिस्ताचा शिष्य पेत्र, त्याचं घर याहून विचित्र अवस्थेत आहे. त्याच्यावर १९९० मध्ये एक आधुनिक चर्च बांधलंय, खांबांवर अधांतरी, उडत्या तबकडीसारखं. आत गेलं की काचेच्या तळातून खालचं घर दिसतं. म्हणजे घर दिसतं म्हणण्यापेक्षा घराभोवतीचे अष्टकोन दिसतात. पाचव्या शतकातल्या अष्टकोनी चर्चच्या भिंती, आणि त्यांच्या पोटात एक साधी काळी खोली. सुरुवातीला मला याचा राग आला. अजस्र बूट घालून कुणीतरी झोपडीवर उभं राहिल्यासारखं वाटलं.

मग गाईडने खालच्या खोलीबद्दल सांगितलं. उत्खनन करणाऱ्यांना या गावातल्या घरांत गिलावा सापडत नव्हता. फक्त याच एका खोलीच्या भिंतींना फार पूर्वी, पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात, गिलावा केलेला होता, आणि तोही पुन्हा पुन्हा. त्यावर पुढच्या शतकांत येणाऱ्यांनी ओरखडे काढून ठेवले होते. ग्रीकमध्ये, सुरियानीत. नेमकं काय लिहिलंय यावर विद्वान भांडतात, पण कुणीतरी मुद्दाम येऊन लिहीत होतं हे नक्की. जमिनीत गळ सापडले, मासे धरायचे. इजेरियाच्या वेळी या घराचं चर्च झालेलं होतं आणि मूळ भिंती तशाच ठेवल्या होत्या. मी काचेतून पुन्हा पाहिलं. मघाशी मी पेत्र शोधत होते. आता मला ती गिलावा करणारी माणसं दिसायला लागली. ख्रिस्त गेल्यावर दोन-तीन पिढ्यांत, सगळं ऐकीव असताना, रोमनांचं राज्य असताना, हीच खोली म्हणून कुणीतरी चुना कालवून आणत होतं. त्यांना तरी कुणी सांगितलं असेल?

धन्यवचनांच्या डोंगरावर फक्त वीस मिनिटं मिळाली. अंतोनिओ बार्लुझ्झीचं १९३८ चं अष्टकोनी चर्च, आठ धन्यवचनांसाठी आठ बाजू. बाग सुंदर, फोटो सुंदर. आजींचं हे सगळ्यात आवडतं वचन, 'आत्म्याने दीन ते धन्य', म्हणून मी एक मेणबत्ती लावली. बाकी तिथे मला काही झालं नाही.

जेवायला सरोवराकाठी 'संत पेत्राचा मासा'. अख्खा तळलेला, शेपटी ताटाबाहेर, शेजारी लिंबू आणि बटाट्याचे काप. पेत्राने पकडलेल्या माशाच्या तोंडात नाणं सापडलं, त्या गोष्टीवरून हे नाव. जात तिलापिया. या कुळातले मासे अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतात, तिथून ही जोडणी झाली असावी. बायबलात माशाची जात दिलेली नाही. आणि ताटातला हा बहुतेक तळ्यातल्या शेतीचा, असं गाईडने स्वतःचं ताट संपवून झाल्यावर सांगितलं. चवीचं म्हणाल तर गोड्या पाण्यातला मासा आणि काटे फार. वसईच्या आजींनी नाक मुरडलं असतं.

मी जेवण आटोपतं घेतलं, कारण गिनोसारच्या किबुत्झमधलं, म्हणजे सामुदायिक वसाहतीतलं, संग्रहालय शेजारीच होतं आणि तिथे ख्रिस्ताच्या काळातली एक बोट आहे. बरोबर कुणी आलं नाही. १९८६ मध्ये दुष्काळ पडला, सरोवर आटून काठ मागे हटला आणि दोन मच्छीमार भावांना चिखलात लाकडाची कड दिसली. पाणी पुन्हा चढायच्या आत, दिवसरात्र खपून, दोन आठवड्यांच्या आत ती उकरली. ओल्या पुठ्ठ्यासारखं मऊ झालेलं लाकूड हवेत सुकलं असतं तर चुरा झाला असता. म्हणून तिला फोममध्ये गुंडाळलं आणि तळ्यावरून तरंगत काठाला आणलं. दोन हजार वर्षांनी ती बोट परत पाण्यावर चालली. पुढची अनेक वर्षं ती एका टाकीत बुडवून ठेवली होती, लाकडातलं पाणी काढून त्या जागी मेणासारखं रसायन मुरवण्यासाठी. आता धातूच्या चौकटीवर ती अलगद टेकवून ठेवली आहे. ८.२७ मीटर लांब, २.३ मीटर रुंद.

तिच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पाट्यांमध्ये बारा प्रकारची लाकडं आहेत. देवदार आणि ओक मुख्य, पण बाकीचं मिळेल ते. विलो, नाही तर झुडपाचं काहीतरी, आपल्या बोरीच्या कुळातलं एक. म्हणजे मालकाकडे पैसे नव्हते. फळी कुजली की दुसऱ्या मोडक्या बोटीची बसवली, ती गेली की आणखी कसली. शेवटी काहीच उरलं नाही तेव्हा उपयोगाचं सामान काढून घेतलं आणि सांगाडा पाण्यात ढकलून दिला. पंपाच्या शेडमध्ये मी अशी इंजिनं पाहिली आहेत, ज्यांच्यात मूळ कंपनीचा एकही भाग शिल्लक नसतो. बाहेर फलकावर तिला 'येशूची बोट' म्हणतात, पण तिचा आणि त्याचा संबंध जोडायला कसलाही पुरावा नाही. फक्त काळ तोच आणि पाणी तेच. दिवसभरात पाहिलेली सर्वांत खात्रीची वस्तू ही, आणि नेमकी तिच्याबद्दलच कुणी 'इथेच' म्हणू शकत नाही. हॉलमध्ये मी आणि एक सुरक्षारक्षक. तो मोबाईलवर फुटबॉल बघत होता.

यार्देनिटला पोहोचलो तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. यार्देन नदी सरोवरातून बाहेर पडते तिथे हे ठिकाण आहे. आत शिरताना दुकान, पांढरे झगे भाड्याने, आणि रांगेने ठेवलेल्या भरलेल्या बाटल्या. भिंतींवर मार्कच्या शुभवर्तमानातला बाप्तिस्म्याचा उतारा कितीतरी भाषांत फरश्यांवर लिहून लावलेला आहे. मराठी शोधायला वेळ नव्हता. ब्राझीलची मंडळी झगे घालून कठड्याला धरून पायऱ्या उतरली, गात, रडत, हसत. त्यांच्या पाद्रीने एकेकाला मागे झुकवून पूर्ण बुडवलं. पायाशी मोठाले मार्जारमासे फिरत होते आणि पलीकडच्या काठावर घुशीसारखा एक केसाळ प्राणी निवांत बसून हे बघत होता. कोट्टयमची ती बुडाली नाही. तिचा बाप्तिस्मा बाळपणीच झालेला, तो पुन्हा घ्यायचा नसतो. तिने साडीचा काठ वर धरला, घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली आणि मुलीचं नाव मोठ्याने घेतलं.

मी तिसऱ्या पायरीवर बसून मारियामातेचा मुकुट फिरवला. पर्समध्ये पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएस मीटर होतं, पेनाएवढं. सवयीने हात त्याच्याकडे गेला. काढलं नाही. बाटली बुडवली, आतली हवा बुडबुड करत बाहेर आली. पाणी गार होतं, जरासं हिरवट.

मग गाईड शेजारी येऊन बसला आणि मी त्याला विचारायचं नव्हतं ते विचारलं. हीच का ती जागा? तो हसला. ही जागा १९८१ मध्ये सुरू केली, म्हणाला. परंपरेची जागा इथून सुमारे १०० किलोमीटर दक्षिणेला, यरीहोजवळ. १९६७ च्या युद्धानंतर तिथे लष्करी हद्द झाली, सुरुंग पेरले गेले, यात्रेकरूंना बाप्तिस्मा घ्यायला कुठेतरी सोय हवी होती. ती जुनी जागा २०११ मध्ये पुन्हा खुली झाली. तिच्यासमोर, काही पावलांच्या पाण्यापलीकडे, जॉर्डन देशाची बाजू. ती २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. दोन्ही काठांवर चर्च आणि दोन्ही काठांवर सैनिक.

मी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. धंद्यामुळे मला पुढचंही माहीत होतं. हे पाणी तिथे पोहोचतसुद्धा नाही फारसं. जरा खालीच बांध आहे, आणि त्याच्यापुढे नदीत जे सोडलं जातं त्यात सांडपाणी आहे आणि वळवलेल्या झऱ्यांचं खारं पाणी आहे. म्हणजे ताबघाचं पाणी ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याच्या जागी पोहोचतं, पण माझ्या बाटलीतलं नाही. हे आजींना सांगायचं की नाही?

"तो या तळ्याकाठी राहायचा ना?" कोट्टयमची ती मागून म्हणाली. ती तिच्या चार बाटल्या पुसत होती. "तहान लागली की हेच प्यायचा."

गाईड काही बोलला नाही. घड्याळ बघून उठला आणि ब्राझीलवाल्यांना गोळा करायला गेला.

दोन दिवसांनी विमानतळावर सुरक्षा तपासणीला एक विशीतली मुलगी होती. तिचे प्रश्न ठरलेले. बॅग कुणी भरली? मी. भरल्यापासून तुमच्याच ताब्यात आहे? हो. कुणी काही नेण्यासाठी दिलंय का? इथे मी अडखळले. तिने बॅग उघडायला सांगितली आणि टॉवेलात गुंडाळलेली मारियामाता बाहेर काढली.

"ही कुणी दिली?"

"बाटली एका ओळखीच्या आजींनी. रिकामी होती. पाणी मी भरलं."

"स्वतः?"

"स्वतः."

"कुठे?"

"यार्देनिटला."

"दुकानात?"

"नाही. नदीत."

"नदीत नेमकं कुठे?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती गंभीर होती. "डावीकडून तिसऱ्या पायरीवर," मी म्हटलं.

तिने मुकुट फिरवून काढला, वास घेतला, पुन्हा घट्ट बसवला. बाटली उलटी धरून गळत नाही ना ते पाहिलं, आणि टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या मधोमध उभी ठेवली.